घरच्या घरी भूगोल-विज्ञान: प्रकल्प नोंदी, सप्टेंबर ते जानेवारी

मोठी सात वर्षांची, धाकटा पाचचा. दोघंही घरीच शिकतात. भूगोल आणि विज्ञान हाताने करत शिकायचं ठरवलं, त्याच्या या नोंदी. असाच खटाटोप करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितोय, त्यामुळे जमलं त्यापेक्षा फसलं त्यावर जास्त भर आहे. सामान बहुतेक घरातलंच. मुद्दाम विकत आणलं ते एवढंच: ३० सेंमी व्यासाचा ग्लोब, होकायंत्र, सलाईनची नवी नळी आणि तापवायला चालणारं काचेचं बीकर. सगळ्यात महाग पडला तो ग्लोब आणि सगळ्यात जास्त हाताळला गेला तोही ग्लोबच.

१२ सप्टेंबर: सावलीची काठी

मीटरभर उंचीची काठी वाळूच्या बादलीत रोवायची आणि दर तासाला सावलीच्या टोकावर खडूने खूण करायची, असा बेत होता. संध्याकाळी जमिनीवर खुणा होत्या, पण त्यांचा एकमेकींशी काही मेळ नव्हता.

काठी नजरेला सरळ वाटत होती. ओळंबा धरल्यावर चांगलीच कललेली निघाली. दुपारी वाळू तापली म्हणून धाकट्याने बादली सावलीत ओढली होती, ते वेगळंच. पण खरी गोम दोन्हींत नव्हती. उंच काठीच्या सावलीला टोकच नसतं. सूर्य म्हणजे काही बिंदू नव्हे, आकाशात तो सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे सावलीची कड पुसट होत जाते आणि काठी जितकी उंच तितका हा पुसट पट्टा रुंद. मोठी एका जागी खूण करायची, धाकटा चार बोटं पलीकडे, आणि भांडण मिटवायला माझ्याकडे काही आधार नव्हता.

दुरुस्ती: काठी ३० सेंमीची केली आणि प्लायवूडच्या फळीवर उभी ठोकली. टोकाला पुठ्ठ्याची छोटी चकती आडवी चिकटवून तिला बारीक भोक पाडलं. आता चकतीच्या सावलीत उजेडाचा एक ठिपका पडतो आणि पेन्सिल नेमकी त्याच्या मधोमध टेकवता येते. भोकाच्या बरोबर खाली फळीवर ओळंब्याने एक बिंदू काढून ठेवा, तो पुढे लागतो. फळीच्या चारही कडांना जमिनीवर चिकटपट्टी मारली, म्हणजे कोणी हलवलीच तर परत जागेवर बसवता येते. फळी सपाट आहे का हे बघायला गोटी ठेवली. ती घरंगळली की खाली कागदाच्या घड्या सरकवायच्या.

मुलांना सूर्याकडे बघू द्यायचं नाही, हे रोज सांगावं लागतं. चकतीचं भोक बघून धाकट्याला त्यातून वर डोकवायचं होतंच. तेव्हा खुणा करताना सूर्य पाठीमागे ठेवून बसायचं, असा नियम केला.

२२ सप्टेंबर: सरळ रेघ

आज-उद्याकडे विषुवदिन, म्हणजे दिवस आणि रात्र जवळपास सारखे असतात तो दिवस. मुद्दाम हा दिवस धरला, कारण या दिवशी सावलीचं टोक दिवसभरात जवळजवळ सरळ रेघेत पूर्वेला सरकतं. इतर दिवशी ती रेघ वाकलेली येते. सकाळपासून चारपर्यंत ठिपके काढले, पट्टी लावली, आणि ठिपके पट्टीला धरून बसले. पूर्व-पश्चिम रेघ मिळाली. तिला काटकोनात उत्तर-दक्षिण.

ज्यांचा विषुवदिन हुकला असेल त्यांनी दुसरा मार्ग धरावा. सकाळच्या एका ठिपक्यापर्यंतचं अंतर त्रिज्या मानून, भोकाखालच्या बिंदूभोवती वर्तुळ काढा. दुपारनंतर उजेडाचा ठिपका त्याच वर्तुळाला परत शिवेल. दोन्ही ठिपके जोडले की पूर्व-पश्चिम. वर्षातला कोणताही दिवस चालतो, फक्त दुपारी ढग यायला नकोत. आमच्याकडे आले होते, म्हणून हा मार्ग आधी सोडून द्यावा लागला होता.

घड्याळात बारा वाजले की सावली सगळ्यात आखूड, असं मोठीला मी आधी सांगून ठेवलं होतं. तसं होत नाही. सूर्य १ अंश सरकायला ४ मिनिटं लागतात आणि घड्याळ सगळ्या देशाला मिळून एकच. आपण त्या घड्याळाच्या रेखांशावर नसलो तर आपली खरी दुपार पुढेमागे होणार. तिला रेखांश वगैरे कळले नाहीत. "म्हणजे सूर्याचं घड्याळ वेगळं," एवढं तिने घेतलं. तेवढं पुरे.

नंतर होकायंत्र आणून रेघेशी ताडून पाहिलं. काटा भलतीकडेच. आधी रेघेवरच शंका घेतली. मग होकायंत्र हातभर उचललं तर काटा फिरला. स्लॅबमधल्या लोखंडी सळ्यांचा हा प्रताप. मोकळ्या मातीवर नेल्यावर काटा रेघेच्या बराच जवळ आला. अगदी तंतोतंत येत नाही, कारण चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत बहुतेक ठिकाणी थोडा फरक असतोच. खिशात फोन ठेवून होकायंत्र बघू नका, हे आणखी एक.

३० सप्टेंबर: खोलीचा नकाशा

"वरून कसं दिसेल ते काढ" असं सांगून काही होत नाही. धाकट्याने टेबलाला चारही पाय काढले, ते चारही दिशांना फाकलेले. मोठीने पलंग बाजूने काढला आणि त्यावर झोपलेला भाऊसुद्धा. मुलं वस्तू जशी माहीत असते तशी काढतात. तुम्हाला दिसते तशी काढायला सांगितली की नुसती चिडचिड होते.

उपाय साधा निघाला. काड्यापेट्या आणि लाकडी ठोकळे घेऊन जमिनीवरच मोठ्या कागदावर खोली मांडली. हा पलंग, हे कपाट, हे दार. मग प्रत्येक ठोकळ्याभोवती पेन्सिल फिरवली आणि ठोकळे उचलले. खाली नकाशा तयार. कपाट नुसता आयत होऊन बसलेलं बघून धाकटा थोडा हिरमुसला, मग त्याने ठोकळा परत ठेवला, परत उचलला, असं बराच वेळ चाललं. त्या उचलण्या-ठेवण्यातच त्याला ते उमगलं असावं.

मोजमाप पावलांनी केलं. एक पाऊल म्हणजे चौकटीच्या कागदावर एक चौकोन. खोली ताईच्या पावलांनी लहान आणि धाकट्याच्या पावलांनी मोठी आली, त्यावरून रणकंदन. मोजपट्टी मी मुद्दाम मागे ठेवली होती. भांडण रंगल्यावर ती काढली, तेव्हा तिचं खरं स्वागत झालं. आधीच हातात दिली असती तर तिची तलवार झाली असती.

नकाशावर उत्तर मात्र सावलीच्या रेघेवरून टाकली. आणि नकाशा भिंतीवर लावला नाही, जमिनीवर अंथरला, खऱ्या उत्तरेला उत्तर जुळवून. हे करण्यामागचं कारण पुढे नदीच्या वेळी आलं आहे.

८ ऑक्टोबर: दगडाचा डोंगर

समोच्च रेषा (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा) शिकवायला मातीचा डोंगर करून तो टबात ठेवायचा, पाणी एकेक सेंटिमीटर वाढवायचं आणि दर वेळी पाण्याच्या कडेने डोंगरावर रेघ ओढायची. माती साधी होती. दुसऱ्या सेंटिमीटरलाच पायथा विरघळला आणि तिसऱ्याला शिखर बसलं. सकाळ गेली.

मातीऐवजी वेडावाकडा, साधारण १० सेंमी उंचीचा दगड घ्या. एक बाजू उभी आणि एक उतरती असेल असा निवडा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. पारदर्शक टबाला बाहेरून मोजपट्टी चिकटवा. पाण्यात थोडा रंग टाका. दगडाच्या ओल्या भागावर खडू चालत नाही, म्हणून पाणी चढवताना नाही तर उतरवताना रेघ काढायची, असं आधी केलं. तेही वाईटच, कारण तोवर दगड पूर्ण भिजलेला असतो. शेवटी कोरड्या दगडावर, पाण्याच्या किंचित वर, मेणाच्या खडूने रेघ ओढली. ती टिकली.

वरून बघून रेघा उतरवून घ्यायला टबावर काच ठेवली, पण डोकं जरा हललं की रेघ सरकते. शेवटी दोन स्टुलांवर फळी टाकून, फोन तिच्या कडेबाहेर काढून, वरून एकच फोटो घेतला आणि त्यावर पातळ कागद ठेवून मोठीने रेघा गिरवल्या. मग तिच्या हातात दगड दिला आणि विचारलं, चढायचं तर कुठून चढशील? तिने कागदावर रेघा दाटीवाटीने आल्या होत्या त्या बाजूवर बोट ठेवून म्हटलं, "इथून नाही. इथे रेघांना उभं राहायलाच जागा नाहीये."

धाकट्याचा प्रश्न वेगळा होता. "बाबा, समुद्र रोज एवढा वर येतो?" प्रश्न रास्त आहे. टबात त्याने पाणी वर चढताना बघितलं होतं. पाणी हे फक्त आपलं मोजण्याचं साधन, खऱ्या डोंगरावर असा समुद्र चढत नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून घरात लाल टिकल्यांचं पाकीट आलं. जे काही करू, त्यात जे खऱ्यासारखं नाही तिथे लाल टिकली चिकटवायची. टबाला पहिली लागली.

१९ ऑक्टोबर: ट्रेमधली नदी

या एका खेळाने बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ खाल्ला. पैसे वसूल झाले तेही इथेच.

लांबट ट्रे, त्यात वाळू, एका टोकाला उंचवटा, वरून पाणी. पहिल्यांदा मगने पाणी ओतलं. सरळ नाल्यासारखी खोल चर पडली आणि वाळू खालच्या टोकाला जाऊन बसली. दुसऱ्यांदा उतार कमी केला पण धार तीच ठेवली; तेच झालं. धार बारीक केल्याशिवाय नदी होत नाही. बाटलीला भोक पाडून पाहिलं, तर बाटली रिकामी होत जाईल तशी धार मंदावते आणि मुलांना वाटतं नदी दमली.

सलाईनच्या नळीने प्रश्न सोडवला. तिच्यावरची चकती फिरवली की धार हवी तेवढी बारीक करता येते. बाटली उंच टांगली, ट्रेचं वरचं टोक एका पातळ पुस्तकाएवढंच उचललं, खालच्या टोकाला वाळू न घालता पाणी साचू दिलं. तो समुद्र. जास्तीचं पाणी बाहेर जायला ट्रेच्या काठाला खाच होतीच, तिच्यापुढे जुन्या कपड्याची चिंधी लावली.

वाळू एकजिनसी नको. जाड आणि बारीक मिसळून घ्या. जाड कण धारेच्या जवळच थांबले, बारीक वाहत समुद्रात गेले आणि पाणी थबकलं तिथे पंख्यासारखे पसरले. अर्ध्या तासात त्रिभुज प्रदेश. तो वाढत जाताना नदी एका फाट्यातून दुसऱ्यात उडी मारते, ते बघत दोघं ज्या शांततेने बसले होते तसे एरवी झोपेतच दिसतात.

वळणं मात्र आपोआप येत नाहीत, निदान एवढ्या लहान ट्रेमध्ये आमच्याकडे आली नाहीत. वाटेत दगड आडवा ठेवून पहिलं वळण द्यावं लागलं. मग मुलांना काड्यापेटीची घरं नदीकाठी बांधू दिली. वळणाच्या बाहेरच्या काठावरचं घर खालून पोखरून पडलं, आतल्या काठापुढे उलट वाळू साचत गेली. मोठीने दुसरं घर बरोबर आतल्या काठावर बांधलं. धाकट्याने पुन्हा बाहेरच्या. त्याला ते पडायलाच हवं होतं.

लाल टिकल्या इथे बऱ्याच लागल्या. खऱ्या नदीकाठी झाडांची मुळं माती धरून ठेवतात, ती इथे नाहीत. वाळूच्या कणाचा आकार आपल्या नदीच्या मानाने धोंड्याएवढा आहे. आणि अर्ध्या तासात जे झालं त्याला बाहेर फार फार वर्षं लागतात.

नकाशावर खऱ्या नद्या बघताना नाईलपाशी मोठी अडली. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि भूमध्य समुद्राला मिळते. "पण ती वर कशी चढते?" भिंतीवर टांगलेल्या नकाशाने उत्तर म्हणजे वर अशी समजूत करून दिली की हा प्रश्न येणारच. नकाशा जमिनीवर अंथरला, तिला त्याच्याभोवती फिरवलं, दक्षिणेच्या बाजूला उंच प्रदेश म्हणून उशी ठेवली. मग पटलं. जमिनीवरच्या नकाशाचा हट्ट याचसाठी.

आवरताना: वाळू मोरीत जाऊ देऊ नका. आमची गेली आणि जाळीखालचा भाग उघडून साफ करावा लागला. पाणी आधी बादलीत निवळू द्यायचं, मग वरचं ओतायचं.

२४ ऑक्टोबर: दोन किरकोळ

बरणीतली माती: बागेतली माती तिसरा हिस्सा, बाकी पाणी, भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब, झाकण लावून जोरात हलवायचं. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळाला तास लागतात आणि चिकणमातीने पाणी कित्येक दिवस गढूळ राहतं. थेंबाऐवजी चमचा टाकला तर नुसता फेस दिसतो. धाकटा रोज सकाळी उठून बरणी हलवत असे, त्यामुळे थर बसेचनात. त्याला त्याची वेगळी बरणी दिली.

पर्जन्यमापक: प्लॅस्टिकच्या बाटलीचं वरचं डोकं कापून उलटं आत बसवलं. बाटलीचा तळ खड्डे-उंचवट्यांचा असतो, म्हणून तळात खडे आणि पाणी घालून सपाट पातळी केली आणि शून्य तिथून धरला. उभ्या, सरळ भिंतींची बाटली असेल तरच पट्टीवरचा मिलिमीटर हा पावसाचा मिलिमीटर. १ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी, हे अंगणात चौकोन आखून त्यात मोजून पाणी ओतून दाखवता येतं. बसवून झालं आणि पाऊसच थांबला. पुढच्या वर्षी.

५ नोव्हेंबर: ग्लोब, दिवा आणि ऋतू

दिवस-रात्र टॉर्चने पटकन होतं. ऋतूंना टॉर्च कामाचा नाही, कारण तो धरणारा मूल आपण होऊन ग्लोबभोवती फिरायला लागतं आणि सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असं चित्र तयार होतं. आमच्याकडे झालं तसं. खोलीच्या मधोमध शेड काढलेला दिवा ठेवला आणि ग्लोब घेऊन आम्ही फिरलो.

यात घोळ एकच होतो, पण जवळपास प्रत्येकाचा होतो. फिरताना आपण स्वतः वळतो आणि ग्लोबचा कललेला आस आपल्याबरोबर वळतो. मग वर्षभर एकच ऋतू. २३.५ अंशांचा तो कल कायम एकाच दिशेला राहायला हवा. भिंतीवर उंच एका कोपऱ्यात कागदाचा तारा चिकटवला, तो ध्रुवतारा. ग्लोबचं वरचं टोक सतत त्याच्याकडे. मोठीने ग्लोब धरायचा आणि धाकट्याने "तारा!" असं ओरडून तिला चुकीबद्दल टोकायचं. ही नेमणूक त्याला फार आवडली.

सूर्य जवळ आला की उन्हाळा, ही समजूत मुलांची असते तशी मोठ्यांचीही असते. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किमीवर. जुलैच्या सुरुवातीला ती सगळ्यात लांब, १५.२ कोटींवर. उत्तर गोलार्धात त्या जानेवारीत थंडी आणि त्याच वेळी दक्षिणेत उन्हाळा. अंतराने ऋतू होत असते तर दोन्हीकडे एकदमच झाले असते.

तिरप्या उन्हाचं मात्र टॉर्चनेच दाखवलं. टॉर्चला कागदाची नळी लावली, चौकटीच्या कागदावर सरळ धरून उजेडाची कड गिरवली. मग अंतर तेच ठेवून, कागदाशी ३० अंशांचा कोन होईल असा तिरपा. मुलांनी चौकोन मोजले, जवळपास दुप्पट भरले. उजेड तेवढाच, वाटेकरी दुप्पट, म्हणून प्रत्येक चौकोनाला निम्मा. वाटणीचा हिशोब दोघांनाही न शिकवता येतो.

१४ नोव्हेंबर: चंद्र किती लांब?

तयारी सगळ्यात कमी, आणि इतकं परिणामकारक दुसरं काही केलेलं नाही.

ग्लोब ३० सेंमीचा. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किमी. या मापात चंद्र ८ सेंमीचा येतो, कारण त्याचा व्यास ३,४७४ किमी. टेनिसचा चेंडू जरा लहान पडतो. त्यावर वर्तमानपत्राचे दोन-तीन वेढे गुंडाळून, चिकटपट्टी मारून माप केलं. चेंडू मुलांच्या हातात दिला आणि सांगितलं, हा ग्लोबपासून जिथे असेल असं वाटतं तिथे धरा.

धाकट्याने तो ग्लोबला जवळजवळ टेकवला. मोठी विचार करून एक हात लांब गेली. मीही पूर्वी साधारण तिथेच धरला असता, पुस्तकातली चित्रं तशीच असतात. खरं अंतर सरासरी ३,८४,४०० किमी, म्हणजे आपल्या मापात ९ मीटर. सुतळी मोजून कापलेली तयार होती. एक टोक ग्लोबला बांधलं आणि मोठीला दुसरं टोक घेऊन चालायला लावलं. खोली संपली. दार उघडलं, व्हरांडा संपला, ती पायऱ्या उतरली. तिथून ओरडली, "अजून सुतळी आहे!"

त्यानंतर प्रश्नांचा भडिमार. विमान कुठे? अंतराळ स्थानक कुठे? आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किमीवर फिरतं, म्हणजे ग्लोबच्या पृष्ठभागापासून एक सेंटिमीटरसुद्धा नाही. धाकट्याने करंगळी आडवी धरून पाहिली. आणि एव्हरेस्ट? ८,८४९ मीटर, आपल्या ग्लोबवर ०.२ मिमी. साध्या कागदाचे दोन तुकडे एकावर एक चिकटवले की झाला एव्हरेस्ट. आमच्या ग्लोबवर डोंगर हाताला लागावेत म्हणून उठाव दिलेला आहे आणि हिमालयावरून बोट फिरवलं की चांगलं खरखरतं. मोठीने न सांगता लाल टिकली आणून हिमालयावर लावली. मग अँडीजवर. मग विचारलं, की ग्लोब करणाऱ्यांना हे माहीत नव्हतं का. माहीत असणार, पण खरं माप ठेवलं तर बोटाला काही लागणारच नाही, म्हणून वाढवलं. "मग तसं लिहायचं ना खाली," ती म्हणाली.

सूर्य या मापात साडेतीन किलोमीटरवर आणि जवळपास ३३ मीटर रुंद. तो करायला घेतला नाही. एका संध्याकाळी फिरायला जाताना ग्लोब घरी ठेवला आणि साडेतीन किलोमीटर झाल्यावर थांबून, "इथे सूर्य" एवढं म्हटलं. परत येताना धाकटा कडेवर.

२९ नोव्हेंबर: ज्वालामुखी

सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी टाळत होतो. मुलांच्या आग्रहापुढे चाललं नाही. मजा आली, फरशी बरबटली, आणि रात्री धाकट्याने सांगितलं की ज्वालामुखीत सोडा असतो. डोंगरावर एवढी मोठी लाल टिकली लावायची वेळ आली की खाली डोंगर उरला नाही.

त्यातून वाचवण्याजोगा भाग म्हणजे वायू. खऱ्या शिलारसातही (जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात) वायू विरघळलेले असतात, मुख्यतः पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. शिलारस वर येतो तसा दाब घटतो आणि ते बुडबुड्यांच्या रूपाने सुटतात. सोडावॉटरची बाटली हलवून उघडली की हेच दिसतं, तेही रासायनिक क्रियेशिवाय. तेवढं अंगणात केलं.

मेणाचा ज्वालामुखी जास्त खरा आहे. भांड्याच्या तळाशी लाल मेणाचा थर ओतून थिजवायचा, वर वाळूचा थर, त्यावर गार पाणी, आणि खालून मंद आच. मेण वितळतं, वाळूतून वाट काढतं आणि एकदम पाण्यात उसळतं. काही मेण वाळूतच अडकून थिजतं, तेही दाखवण्यासारखं. साध्या बरणीत करू नका. आमच्या बरणीला आच लागताच तडा गेला, पाणी शेगडीवर. तापवायचं बीकर आणलं ते त्यानंतर. आच मोठ्या माणसाने सांभाळायची, मुलं दोन हात लांब, डोळ्यांवर चष्मे. वाळूचा थर जाड झाला तर मेण वर यायला इतका वेळ लागतो की प्रेक्षक निघून जातात. बोटाच्या पेराएवढा पुरे.

६ जानेवारी: चंद्राच्या कला

रोज रात्री चंद्र बघून वहीत काढायचा, हा उपक्रम जेमतेम आठवडाभर तग धरून बंद पडला. कारण चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास वर येतो, पण पुढच्या चार-पाच दिवसांत मुलांच्या झोपेच्या वेळेपलीकडे जातो. वहीत पौर्णिमेनंतर कोरी पानं.

घरात चेंडू आणि दिवा लावून कला दाखवताना निराळीच अडचण. मूल दिव्याकडे पाठ करून चेंडू समोर धरतं, तेव्हा तिथे पौर्णिमा दिसायला हवी; पण त्याच्याच डोक्याची सावली चेंडूवर पडते आणि दर पौर्णिमेला ग्रहण. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून खऱ्या आकाशात असं दर महिन्याला होत नाही. चेंडू काडीला टोचून डोक्यापेक्षा जरा उंच धरायला लावला की ग्रहण टळतं. नंतर मुद्दाम खाली आणून ग्रहणही करता येतं.

वही परत सुरू केली ती सकाळच्या वेळी. पौर्णिमेनंतर चंद्र उजाडल्यावरही पश्चिमेला असतो, आणि वद्य अष्टमीच्या सुमारास सूर्य उगवताना तो जवळपास डोक्याच्या रेषेत आलेला असतो. दात घासता घासता खिडकीतून दिसतो. रोज त्याच खिडकीत, त्याच वेळी, काचेवर मेणाच्या खडूने गोल काढायचा आणि शेजारी तारीख. दिवसागणिक गोल सरकत जातात आणि उजेडाचा भाग कमी होतो. खिडकी पश्चिमेची असेल तर अष्टमीपर्यंत चंद्र चौकटीबाहेर जातो, तेव्हा अंगणात या. शुद्ध पक्षात हाच प्रकार संध्याकाळी करायचा. अमावस्येच्या आगेमागे दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही, ते मुलांना आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर धाकट्यासारखं कोणी काच पुसून बघतं आणि सगळे गोल जातात.